पांढऱ्या टोकाचे सेन्सर

चाचा सेन्सर तपासायला बसले की आमच्या गॅरेजातली ठोकाठोक बंद व्हायची. तसा काही नियम नव्हता, पण व्हायची. टेबलावरच्या वाइसमध्ये ते सेन्सर उभा आवळायचे, त्याच्या तारेला मीटर जोडायचे आणि गॅसच्या छोट्या बत्तीची निळी ज्योत त्याच्या टोकाला लावायचे. मीटरवरचे आकडे हळूहळू चढायला लागायचे. पॉइंट आठच्या वर गेले की चाचा ज्योत बाजूला घ्यायचे, आणि आकडा झटक्यात खाली यायला पाहिजे. आला तर सेन्सर जिवंत. रेंगाळला तर म्हातारा. चढलाच नाही तर मेलेला.

आकडा ते एकदाच पाहायचे आणि चिठ्ठीवर लिहून टाकायचे. मी एकदा विचारलं की पुन्हा तपासून का पाहत नाही, तर हसले.

"एकदाच पाह्याचं, कास्तकार. दुसऱ्यांदा पाह्यलं का माणूस त्याले पाह्यजे तो आकडा पाह्यते."

कास्तकार म्हणजे मी. बाभुळगावजवळ आमचं कापसाचं शेत होतं, ते मोठा भाऊ पाहायचा. मी आयटीआय करून यवतमाळात चाचांच्या गॅरेजात आलो आणि पाच-सहा वर्षांत त्यांच्या बरोबरीने काम करायला लागलो. तरी चाचांनी मला मेकॅनिक म्हणून कधी हाक मारली नाही. त्या वर्षांत आमच्या घरी कापसाचं नाव काढलं की सगळे गप्प बसायचे, म्हणून मी गॅरेजातच जास्त राहायचो. तिथे मला कोणी कास्तकार म्हटलं तरी राग यायचा नाही. चाचांच्या तोंडून तर नाहीच.

ज्यांना गाडीतलं कळत नाही त्यांच्यासाठी सांगतो. ऑक्सिजन सेन्सर दिसायला स्पार्क प्लगसारखा असतो, बोटाएवढा. तो सायलेन्सरच्या पाइपात, इंजिनाजवळ बसवलेला असतो. धुरात किती ऑक्सिजन उरला ते तो गाडीच्या कॉम्प्युटरला सांगतो आणि कॉम्प्युटर त्याप्रमाणे पेट्रोल कमी-जास्त सोडतो. सेन्सर मेला की समोर पिवळा दिवा लागतो आणि गाडी पेट्रोल ढोसायला लागते. नवा सेन्सर नागपूरहून मागवावा लागायचा आणि तो भल्याभल्यांना परवडायचा नाही. म्हणून चाचा अपघातात मोडलेल्या गाड्यांचे सेन्सर काढून आणायचे, तपासायचे आणि चांगले निघतील ते गिऱ्हाइकांच्या गाड्यांना बसवायचे. आयुष्यभर कार्बोरेटर उघडलेला हा माणूस साठीच्या घरात हे नवं काम शिकला होता, आणि त्याला त्याचा केवढा अभिमान होता! सेन्सरच्या टोकाला तारेचा ब्रश लावायचा नाही, रॉकेलमध्ये बुडवायचं नाही, काजळी असेल तर ती ज्योतीनेच जाळायची. मी एकदा ब्रश लावला तेव्हा त्यांनी माझ्या हातातून सेन्सर काढून घेतला आणि दिवसभर माझ्याशी बोलले नाहीत.

मेलेले सेन्सरही ते फेकत नसत. त्यांच्या टोकात प्लॅटिनमचा पातळ थर असतो, तो काढून घेणारे लोक असतात. नागपूरचा एक भंगारवाला असे सेन्सर गोळा करून पुढे पाठवायचा. चाचा प्रत्येक मेलेल्या सेन्सरला गाडीच्या नंबरची चिठ्ठी बांधून डालड्याच्या जुन्या डब्यात टाकायचे. "मेलेल्याचंबी काही ना काही कामी येते," म्हणायचे. चिठ्ठी कशाला बांधता, असं मी विचारलं होतं. कोणता सेन्सर कुठल्या गाडीत कशामुळे मेला ते पुढेमागे कळावं म्हणून, असं त्यांचं उत्तर होतं. तो डबा पुढे माझ्यावरच उलटणार आहे, हे तेव्हा मला कुठून कळणार?

त्या वर्षांत जिल्ह्यात बाहेरून माणसं फार यायची. कापसाचं काय झालं ते पाहायला, लिहून न्यायला, फोटो काढायला. त्यांच्या भाड्याच्या गाड्या घाटंजी-मारेगावकडच्या खराब रस्त्यांवरून खडखडत आमच्याकडे यायच्या. जिल्ह्याचं वाईट चाललेलं आणि आमचं गॅरेज भरलेलं. याची मला लाज वाटायची. पण ती लाज लॉजवाल्याची होती, हॉटेलवाल्याची होती, अनेकांची होती. वाटून घेतलेली लाज फार दिवस टोचत नाही. मी सांगणार आहे ती माझी एकट्याची आहे.

चाचांचा दुसरा अभिमान म्हणजे त्यांचं पॅकिंग. इंजिनाच्या वर टॅपेट कव्हर असतं, त्याच्या कडेने तेल बाहेर येऊ नये म्हणून मध्ये पॅकिंग बसवतात. बाजारात ते तयार मिळतं. चाचा मात्र कॉर्कचा पत्रा कव्हरवर ठेवून कडेकडेने छोट्या हातोडीने टकटक करत हाताने कापायचे. कापलेलं पॅकिंग उचलून उजेडाकडे धरायचे आणि एक डोळा मिटून पाहायचे. सुंदर काम होतं, पण खरं सांगायचं तर त्यातून तेल पाझरायचं. थोडंसंच, पण पाझरायचं. गिऱ्हाइकं चाचांना बोलायची नाहीत, मला बोलायची.

मला वाटलं, म्हाताऱ्याला कशाला दुखवा. हार्डवेअरच्या दुकानातून मी काचा बसवतात ती सिलिकॉनची ट्यूब आणली. चाचा दुपारच्या नमाजला गेले की मी त्यांच्या पॅकिंगवर तिचा पातळ थर द्यायचो आणि कव्हर बसवून टाकायचो. ओली असताना तिला चायनीजच्या गाडीवरच्या व्हिनेगरसारखा आंबट वास यायचा. चाचा परत येईपर्यंत मी बॉनेट उघडं ठेवून तो वास घालवायचो. तेल थांबलं. गिऱ्हाइकं चाचांच्या पॅकिंगचं कौतुक करायला लागली, चाचा मिशीत हसायला लागले, आणि मी स्वतःवर खूश. आपण किती चांगले आहोत, कोणाचं मन राखतो आणि त्याची वाच्यताही करत नाही, असं मला वाटायचं. त्या चांगुलपणाची आज मला किळस येते.

मग सेन्सर मरायला लागले.

आधी एक, मग दोन. मग घाटंजीचा एक गाडीवाला दुसऱ्यांदा परत आला. त्याची पेट्रोलवरची व्हॅन होती, तिच्यातून तो गावोगावचे पेशंट यवतमाळला आणायचा. त्याने चार माणसांदेखत आवाज चढवला.

"चाचा, तुमचं सेन्सर हाय का उदबत्ती? लावली का संपली! पेशंट घेऊन येतो म्या. रस्त्यात गाडी झटके मारून राह्यली, मागे बाई कळा देऊन राह्यली. म्या काय करू?"

चाचांनी मान खाली घालून ऐकून घेतलं आणि त्याला दुसरा सेन्सर बसवून दिला. त्या दिवशी तो सेन्सर त्यांनी दोनदा तपासला. पुढच्या आठवड्यात तीनदा तपासायला लागले. चष्मा काढून लुंगीला पुसायचे, पुन्हा घालायचे, मीटरवर वाकायचे. ज्या माणसाने मला एकदाच पाहायला शिकवलं होतं तो तोच आकडा पुन्हा पुन्हा पाहत बसलेला मला दिसत होता. आणि मी काय करत होतो? ज्या गाडीला दिवा लागलाय तिचं कव्हर उघडून, अजून थोडं तेल दिसतंय म्हणून, सिलिकॉनचा आणखी एक थर देत होतो.

मला कळलं ते नागपूरला. पार्ट्स आणायला गेलो होतो. दुकानदाराशी सहज बोलता बोलता म्हटलं की आमच्याकडे सेन्सर टिकत नाहीत. त्याने विचारलं, "कुठे काच बसवायचं सिलिकॉन लावता का?" त्याने गाड्यांसाठी असते ती पेस्टची ट्यूब पुढे केली आणि तिच्यावरची बारीक ओळ दाखवली: ही पेस्ट ऑक्सिजन सेन्सरला चालते. "ते दुसरं लावलं की त्याची वाफ इंजिनात जाते, जळते आणि सेन्सरच्या टोकावर बसते. सेन्सर गुदमरतो. पांढरी टोकं दिसतील, पाहून घे."

यवतमाळला उतरलो तो थेट गॅरेजात गेलो आणि डालड्याचा डबा पालथा केला. काजळीने काळे झालेले जुने सेन्सर होते, आणि त्यांत अकरा पांढऱ्या टोकांचे होते, खडूची पूड लागावी तसे. अकराच्या अकरा चिठ्ठ्यांवरचे नंबर माझ्या ओळखीचे होते. त्या सगळ्या गाड्यांची कव्हरं मीच बसवली होती.

मी सांगणार होतो. हे मी आज स्वतःला बरं वाटावं म्हणून म्हणत नाही. खरंच सांगणार होतो, वाक्यही जुळवलं होतं. चाचा आले, स्टुलावर बसले आणि माझ्याआधी तेच बोलले.

"खरं सांगजो, कास्तकार. माह्यं काही चुकून राह्यलं काय? मले वाटते आकडे बराबर दिसून राह्यले. पण सेन्सर तं मरून राह्यले."

एवढं सोपं करून दिलं होतं त्यांनी. मी तोंड उघडायचं तेवढं बाकी होतं. पण मला दिसला तो घाटंजीवाला, ते चार लोक, आणि चोरून सिलिकॉन लावणारा मी. त्यांचं पॅकिंग गळत होतं हेही सांगावं लागलं असतं. मी म्हणालो, "उमर झाली न चाचा आता. थोडंफार होतेच."

त्यांनी मान हलवली. मीटरच्या तारा गुंडाळल्या, बत्ती पुसली आणि दोन्ही वस्तू वरच्या फळीवर ठेवून दिल्या. त्या आठवड्यात तपासून ठेवलेले पाच-सहा चांगले सेन्सर होते, चिठ्ठ्यांसकट. तेही फडक्यात बांधून बाजूला सारले. आपल्या हातचं आता कोणाच्या गाडीला लावायचं नाही, म्हणाले.

इथवर झालं ते घाबरटपणाचं होतं. पुढचं मी जाणूनबुजून केलं.

चार दिवसांनी चाची जेवणाचा डबा घेऊन गॅरेजात आल्या. चाचा घरी दाराच्या चौकटीला खांदा आपटून घेतात, बाजूने आलेली सायकल त्यांना दिसत नाही, असं सांगत होत्या. बाभुळगावला डोळ्यांचं मोफत शिबिर होतं. "तू घेऊन जाय त्याईले गाडीवर," मला म्हणाल्या. "माह्यं ऐकत नाहीत. तुह्यं ऐकतेत."

चाचाही तयार होते. हात पुसत म्हणाले, "जाऊन येऊ काय? पाहून तं घेऊ."

समजा डॉक्टर म्हणाले, डोळे ठणठणीत आहेत, मीटर वाचायला काही अडचण नाही, तर? मग सेन्सर कोणी मारले, हा प्रश्न उरणार होता, आणि गॅरेजात उत्तर द्यायला मी एकटाच होतो. मी पान्याला फडकं घासत, त्यांच्याकडे न पाहता म्हणालो, "कायले जाता चाचा? चार घंटे उन्हात लाइन लावा, आन सांगतीन का उमरीनं होते. ते तं आपल्यालेबी माहीत हाय."

चाचा चाचींकडे वळून म्हणाले, "बराबर बोलून राह्यला." चाची रिकामा डबा घेऊन निघून गेल्या. त्यांचा माझ्यावर विश्वास होता, म्हणून त्या पुन्हा बोलल्या नाहीत.

त्यानंतर मी गाड्यांची पेस्ट वापरायला लागलो. सेन्सर मरायचे थांबले. म्हणजे बघा, चाचांनी हात काढून घेतला आणि त्याच आठवड्यापासून तक्रारी बंद. ज्याला त्याला वाटलं, म्हाताऱ्याचंच चुकत होतं. चाचांनाही तेच वाटलं. घाटंजीचा गाडीवाला माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाला की आता काम सुधारलं. चाचा तिथेच स्टुलावर होते आणि माझ्याकडे पाहून हसले. त्या हसण्यात असूया नव्हती, कौतुक होतं. मला त्यांनी शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

चार वर्षं ते रोज यायचे. पॅकिंगही कापायचं सोडलं. बाहेर बसून गाडीचा आवाज ऐकायचे आणि कुठला टॅपेट सैल आहे ते सांगायचे. जॅकला अडखळायचे, टूलबॉक्सला पाय लागायचा. मी "उमर, उमर" म्हणत त्यांना हात द्यायचो. एका सकाळी ते चहाचा ग्लास समजून ऑइलच्या मापाला हात लावायला गेले. तेव्हा त्यांच्या मुलीने त्यांना नागपूरला नेलं. मी सोबत होतो.

काचबिंदू होता. डॉक्टरीणबाईंनी समजावून सांगितलं की तो बाजूने खात येतो, समोरचं शेवटपर्यंत दिसतं, म्हणून माणसाला कळत नाही. गेलेली नजर परत येत नाही, उरलेली थेंबांनी टिकवता येते. आता फार थोडी उरली होती. "तीन-चार वर्षांपूर्वी आणायला हवं होतं," त्या म्हणाल्या. "तेव्हा कुणी पाहिलं नाही का?"

चाचांची मुलगी माझ्याकडे पाहायला लागली, कारण रोज त्यांच्यासोबत मी असायचो.

समोरचं शेवटपर्यंत दिसतं, या वाक्याने माझी झोप उडाली. म्हणजे त्या दिवसांत मीटर त्यांना बरोबर दिसत होता. त्यांनी वाचलेला एकेक आकडा बरोबर होता. आणि बाभुळगावच्या शिबिरात डॉक्टरने डोळे ठणठणीत आहेत असं म्हटलंच नसतं. मी ज्याला भ्यालो ते घडणारच नव्हतं. उलट मला आयतीच सबब मिळाली असती, आणि त्यांचे डोळे वाचले असते. माझी लबाडीसुद्धा मला धड जमली नाही.

परतल्यावर महिनाभराने नागपूरच्या भंगारवाल्याचा माणूस चार वर्षांत पहिल्यांदाच डबा न्यायला आला. सेन्सर वेगवेगळे काढता काढता म्हणाला, "हे पांढरे कोणत्या मेकॅनिकनं मारले?" त्याने चेष्टेत विचारलं होतं. मी त्यातला एक उचलला आणि बाकीचे त्याला देऊन टाकले.

चाचा बाहेर उन्हाकडे पाठ करून बसले होते. मी सेन्सर त्यांच्या हातात ठेवला आणि सगळं सांगितलं. ट्यूब, आंबट वास, नमाजची वेळ, नागपूरचं दुकान. ते अंगठ्याने सेन्सरचं टोक चोळत होते. पांढरी पूड बोटाला लागत होती, पण ती त्यांना दिसत नव्हती.

त्यांनी एकच विचारलं. "शिबिराच्या टायमाले तुले माहीत होतं?"

"हो."

"मंग काहून नाही म्हणलं?"

"वाटलं, डोळे चांगले निघाले तं..." पुढचं त्यांनी मला बोलायला लावलं नाही. ते रागावतील, रडतील, हाकलून देतील, याची मी तयारी करून आलो होतो. त्यांनी काहीच केलं नाही. उठले, चाचपडत टेबलाशी गेले आणि म्हणाले, "मीटर काढ. आन ते फडकं."

फळीवरचं गाठोडं मी खाली घेतलं. चार वर्षांपूर्वी त्यांनी तपासून बाजूला सारलेले सेन्सर. त्यांनी एक बोटांनी निवडला, वाइस शोधला आणि सेन्सर अगदी सरळ, पूर्वीसारखा आवळला. मी तारा जोडल्या, बत्ती पेटवली. त्यांनी ती माझ्या हातातून घेतली. ज्योत त्यांना अंधुक दिसत होती. ती त्यांनी टोकाला बरोबर लावली. मीटरवरचे आकडे त्यांना दिसत नव्हते.

"चिठ्ठीवर काय हाय?"

त्यांचंच अक्षर होतं. मी वाचलं, "पॉइंट अठ्ठ्याऐंशी."

"आन मीटरवर?"

आकडे चढत होते. थांबले. "पॉइंट सत्त्याऐंशी," मी म्हणालो. "चाचा, तुमचं बरोबर होतं. एकाचा फरक हाय."

त्यांनी ज्योत बाजूला घेतली नाही. तोंड मात्र माझ्या दिशेला वळवलं. मी खरं बोलतोय की त्यांचं मन राखतोय, हे ओळखायला आता त्यांच्यापाशी काहीच नव्हतं.

"पुन्हा एकदा पाह्य," चाचा म्हणाले.

मी पुन्हा पाहिलं.